पाणी वाढण्याआधी बोटीच्या इंजिनाचे नट-बोल्ट पाहून घ्या

परभणी जिल्ह्यात गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या काठी जिथे जिथे इंजिनाची बोट आहे, मग ती ग्रामपंचायतीची असो, मच्छीमार सोसायटीची असो, पालिकेच्या अग्निशमन दलाची असो की तहसीलच्या शेडमध्ये झाकून ठेवलेली असो, ती ज्यांच्या ताब्यात आहे त्या प्रत्येकाला माझी हात जोडून विनंती आहे. मृग लागायला तीन आठवडे उरलेत. तेवढ्यात आपल्या बोटीच्या इंजिनाची धुराची बाजू एकदा नीट बघा. हेडला धुराची नळी, आम्ही मेकॅनिक लोक जिला मेनिफोल्ड किंवा हेडर म्हणतो ती, ज्या नट-बोल्टांनी धरलेली असते ते मोजा. एखादा कमी आहे का पाहा. गंजलेले काढून टाका, त्या जागेवर टिकतील अशाच जातीचे नवे घाला आणि क्रमाने कसा. एका सकाळचं काम आहे, खर्च काही शे रुपयांचा.

इंजिन सुरू होतंय ना, मग झालं, असं म्हणून बोट तयार असल्याचा शेरा मारू नका. शेडमध्ये दोन मिनिटं चालवलेलं इंजिन आणि पुराच्या धारेत दहा-बारा माणसं घेऊन पाऊण तास ओढणारं इंजिन यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. धुराचा बोल्ट शेडमध्ये तुटत नाही. लोड आला, नळी लाल व्हायला आली, की मग तो दगा देतो, आणि तेव्हा बोट पाण्याच्या मध्यावर असते.

मी परभणीत एकतीस वर्षं डिझेल इंजिनं खोलतो आणि जोडतो. ट्रॅक्टर, मळणीयंत्र, जनरेटर, नदीवरचे आणि विहिरीवरचे पंप हे रोजचं काम. बोटी वर्षाकाठी चार-पाचच हाताखाली येतात. तरी हे आवाहन बोटवाल्यांसाठी लिहितोय, त्याला कारण आहे.

काही वर्षांपूर्वी परतीच्या पावसाच्या तोंडावर गोदाकाठच्या एका गावात एका शेतकऱ्याचा पंप दुरुस्त करायला गेलो होतो. काठावर गावची लोखंडी बोट बांधलेली होती, तिच्यावर दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन. सहज डोकावलो. हेडरला चार स्टड हवेत, तिथे तीनच होते. चौथ्याच्या जागी हार्डवेअरच्या दुकानातला चकचकीत पांढरा बोल्ट घुसवलेला. उरलेल्या तिघांपैकी एकावर नायलॉनच्या कड्याचा नट होता आणि त्यातलं निळं कडं जळून कोळसा झालं होतं. नळीच्या बुडाशी हेडवर बोटभर रुंद काळा पट्टा. तिथे अंगठा फिरवला तर काजळी निघाली, कोरडी आणि मऊ. धूर तिथून गळत होता, हे सांगायला दुसरं काही लागत नाही. बोट सांभाळणाऱ्या पोराला म्हणालो, "अरे, हे बदलून घे." तो म्हणाला, "टाईट आहे की मामा, हलतबी नाही." मी हलवून पाहिला. थंड इंजिनावर खरंच हलला नाही. माझ्या पेटीत त्या मापाचा स्टड नव्हता. पुढच्या आठवड्यात आणून देतो म्हणालो आणि गाडीला किक मारून परत आलो.

पुढच्या आठवड्यात मी गेलो नाही. पाणी आलं. पलीकडच्या आखाड्यांवर अकरा माणसं अडकली होती, त्यात तीन लेकरं. त्यांना घेऊन बोट परत फिरली आणि धारेत आल्यावर तो पांढरा बोल्ट निसटून पडला. नळीचं एक तोंड उघडं झालं. तिथून निघालेली धग शेजारच्या डिझेलच्या प्लास्टिक पाइपावर सरळ बसली. पाइप वितळला, डिझेल तापल्या बिडावर सांडलं, पांढऱ्या धुराचा लोट उठला आणि इंजिन बंद पडलं. त्या पोराने ओलं पोतं घेऊन पाइप दाबून धरला, त्यात त्याचा उजवा तळहात भाजला. वरून पाऊस होता म्हणून पेट घेतला नाही. बोट अर्धा-पाऊण किलोमीटर वाहत गेली आणि बाभळींत अडकली. दोर टाकून सगळ्यांना काढायला दोन तास लागले. सगळी वाचली. त्या गावाचं नाव मी घेणार नाही. चूक एकट्या गावाची नव्हती, पाहूनही परत आलेला मीच होतो.

दुसऱ्या दिवशी ती बोट बघितली. निसटलेल्या बोल्टाचं भोक दहा एमएमचं होतं. बोल्ट घातलेला होता तीन सुताचा. तीन सूत म्हणजे साडेनऊ मिलिमीटर आणि थोडं. आटे वेगळे, जाडी वेगळी. असा बोल्ट दोन-तीन आटे जातो, मग अडकतो, आणि अडकलेल्याला लोक टाईट समजतात. आपल्या भागात जुने इंच मापाचे ट्रॅक्टर आणि नवे एमएम मापाचे एकाच गॅरेजात येतात, एकाच डब्यात दोन्हींचे बोल्ट पडलेले असतात. म्हणून ही चूक फार होते. माझ्याही डब्यात ती सरमिसळ होती. त्या दिवशी घरी येऊन मी पहिल्यांदा डबे वेगळे केले.

आता आपल्या जिल्ह्याची गोष्ट. पाथरीपासून पूर्णा तालुक्यापर्यंत गोदावरी आपल्या हद्दीतून किंवा हद्दीलगत वाहते. वरती पैठणला जायकवाडीचे सत्तावीस दरवाजे आहेत, जिंतूर तालुक्यात पूर्णेवर येलदरी आहे, सेलूकडे निम्न दुधना. धरणातून सुटलेल्या पाण्याची निदान सूचना तरी येते. ओढ्याला येणारं पाणी सूचना देत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, मुखेड तालुक्यात, रात्रीत गावं पाण्याखाली गेली आणि लष्कराची तुकडी बोलवावी लागली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मराठवाड्याने काय पाहिलं ते कुणाला सांगायला नको. खरवडून गेलेली रानं अजून तशीच पडली आहेत.

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची आपल्या राज्यातली बटालियन पुण्याची आहे. राज्याच्या दलाची ठाणी धुळ्याला आणि नागपूरला. पावसाळ्यात त्यांच्या तुकड्या पुढे आणून ठेवतात हे खरं, तरी एकाच दिवशी चार जिल्हे बुडाले तर त्या कुठे कुठे पुरतील? रस्ते तुटलेले असतात, पुलांवर पाणी असतं. पहिले काही तास गावाला गावचीच बोट उपयोगी पडते. कित्येक गावांत तर तीही नाही, थर्माकोलच्या चप्पूवर पोरं शाळेत जातात. ज्या गावाला इंजिनाची बोट मिळाली आहे, त्या गावावर शेजारच्या पाच गावांचाही भार आहे. म्हणून त्या इंजिनाचा एकही बोल्ट कामचलाऊ असून चालणार नाही.

हे बोल्ट इतके का त्रास देतात, ते समजून घ्या म्हणजे पुढचं पटेल. जोर लावलेल्या डिझेल इंजिनातून निघणारा धूर चारशे ते सहाशे अंश सेल्सिअस तापलेला असतो. लोखंड तापलं की वाढतं. अर्धा मीटर लांबीची बिडाची नळी चारशे अंशांनी तापली तर सुमारे दोन मिलिमीटर लांब होते, आणि थंड झाली की परत आखडते. हेड मात्र पाण्याने थंड राहतं, ते तेवढं वाढत नाही. या रोजच्या ओढाताणीत मधले बोल्ट निभावतात आणि टोकाचे तुटतात. तुटलेला स्टड बहुतेक वेळा शेवटचाच असतो, तो याच कारणाने. म्हणून कारखाने नळीच्या टोकाची भोकं मुद्दाम थोडी मोठी किंवा लांबट ठेवतात. ती "झिजलीत" असं समजून वेल्डिंगने भरू नका. तसं केलेल्या दोन नळ्या मी चिरलेल्या पाहिल्या आहेत.

दुसरी गोष्ट बोल्टाची. कसलेला बोल्ट किंचित ताणला जातो, केसाला बांधलेल्या रबरासारखा. तो ताण पॅकिंगला दाबून धरतो. नवं पॅकिंग पहिल्यांदा तापलं की चेपतं, ताण कमी होतो, आणि त्यात इंजिनाची थरथर मिळाली की नट हळूहळू फिरायला लागतो. म्हणजे आज कसलेला नट उद्या तेवढाच घट्ट असेलच असं नाही.

आता कोणता बोल्ट घ्यायचा. कंपनीचा स्टड मिळत असेल तर दुसरा विचारच करू नका, तोच घ्या. नाही मिळाला तर जुना स्टड दुकानात घेऊन जा, जाडी आणि आटे दोन्ही जुळवा. आठ आणि दहा एमएममध्ये जाड आट्याचा आणि बारीक आट्याचा असे दोन्ही प्रकार मिळतात. नवा नट जुन्या स्टडवर हाताने, पान्याशिवाय, शेवटपर्यंत फिरला पाहिजे. डोक्यावर ८.८ असा आकडा छापलेला बोल्ट घ्या. पहिला आठ म्हणजे तुटण्याची ताकद ८०० मेगापास्कल, आणि दुसरा आठ म्हणजे त्याच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत तो ताणून पूर्ववत होतो. ज्याच्या डोक्यावर काहीच छापलेलं नाही तो मऊ बोल्ट पत्र्याच्या शेडला ठीक आहे. धुराच्या नळीला तो पहिल्या तापात ताण सोडतो. उलट १०.९ चा कडक बोल्ट घातला म्हणजे काम आणखी चांगलं झालं असंही नाही. उष्णतेत त्याचा कडकपणा उतरतो, आणि तुटला तर आतला तुकडा ड्रिलला दाद देत नाही.

पांढरा, जस्ताचा जाड मुलामा दिलेला बोल्ट इथे अजिबात नको. जस्त ४१९ अंशांना वितळतं, त्याची वाफ छातीला वाईट, आणि वितळलेलं जस्त पोलादाच्या कणांत शिरून त्याला ठिसूळ करतं. नायलॉनच्या कड्याचा नट तर सव्वाशे अंशांच्या आसपासच निकामी होतो, त्याचं काय झालं ते वर सांगितलंच. साधा स्प्रिंग वायसर तापून तापून चपटा पडतो, त्याच्यावर भरवसा ठेवू नका. धुराच्या नळीला पितळी नट किंवा तांब्याचा मुलामा दिलेला, तोंड किंचित दाबलेला पोलादी लॉक नट उत्तम. पितळ पोलादी स्टडला गंजून चिकटत नाही, पाच वर्षांनीही पान्याला निघतं. यातलं काही मिळालं नाही तर एकावर एक दोन नट घाला, ती जुनी युक्ती अजूनही चालते.

स्टीलचे, म्हणजे स्टेनलेसचे बोल्ट घालावेत का, असं मला बरेच जण विचारतात. ते गंजत नाहीत, हे बरोबर. पण साध्या स्टेनलेसची तापून वाढण्याची खोड पोलादापेक्षा जवळजवळ दीडपट. बिडाची नळी आणि बिडाचं हेड असेल तर तापल्यावर स्टेनलेसचा बोल्ट नळीपेक्षा जास्त लांबतो आणि पकड ढिली होते. शिवाय स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्याच बोल्टावर कोरडा फिरवला तर दोन्ही एकमेकांत असे रुततात की शेवटी करवतच लावावी लागते. कोकणातले बोटवाले त्याशिवाय दुसरं वापरत नाहीत, कारण त्यांना खारं पाणी आहे. तिथेही ते ए४ चा, म्हणजे मॉलिब्डेनम घातलेला प्रकार घेतात. आपली गोदावरी गोडी आहे. डिझेल इंजिनाच्या बिडाच्या हेडला आपल्याकडे पोलादी स्टड आणि पितळी नट हेच मला बरं वाटतं.

जुने काढताना घाई करू नका. आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, सकाळी पुन्हा मारा. नट थोडा सोडवा, थोडा परत कसा, परत सोडवा. नुसता एका दिशेने जोर लावला की स्टड भोकाच्या तोंडाशीच तुटतो आणि मग लेथवाल्याकडे जाण्याची वेळ येते. अगदीच हलत नसेल तर नटाला गॅसने ताप द्या, पण त्याआधी डिझेलची टाकी आणि पाइप दूर करा. टाकी बोटीतच असेल तर गॅस लावूच नका, सरळ नट छिन्नीने फोडा. नट दोन रुपयांचा आहे. स्टड निघाल्यावर भोकात टॅप फिरवून आटे साफ करा आणि फुंकून कचरा काढा. मग नळीचं तोंड आणि हेडचं तोंड पोलादी पट्टी उभी धरून बघा, पट्टीखाली उजेड दिसला तर नळी वाकली आहे. वाकलेली नळी बोल्टांनी ओढून सरळ होत नाही, ती बोल्टच तोडते. लेथवर तोंड घासून घ्या.

पॅकिंग नवंच घाला. जुनं उलटं करून लावणं, दोन पॅकिंग एकावर एक ठेवणं, सिलिकॉनचा थर देणं, हे सगळं मी पाहिलं आहे आणि सुरुवातीच्या वर्षांत काही केलंही आहे. सिलिकॉन धुराच्या तापाला टिकत नाही, महिनाभरात भुगा होऊन पडतं.

कसण्याचा क्रम मधून बाहेर. आधी सगळे नट हाताने बसवा. मग मधल्यापासून सुरुवात करून एक डावीकडचा, एक उजवीकडचा असे टोकाकडे जा. पहिल्या फेरीत निम्मा जोर, दुसऱ्यात पाऊण, तिसऱ्यात पूर्ण. एक नट पूर्ण कसून मग दुसऱ्याला हात घातला तर नळी एका अंगावर बसते आणि राहिलेल्या बाजूला फट उरते. सोडवताना उलटं, टोकापासून मधे.

आता जोर किती? आपल्या भागातल्या मेकॅनिककडे टॉर्क पाना क्वचितच असतो, मला माहीत आहे. "हाताला कळतं" असं आपण म्हणतो, मीही म्हणायचो. खरं म्हणजे पान्यावर लावलेल्या जोरातला दहातला नऊ हिस्सा आट्यांच्या आणि नटाच्या बुडाच्या घर्षणातच जातो. गंजलेल्या आट्यावर हात म्हणतो टाईट, आणि बोल्टाला ताण आलेलाच नसतो. ग्रीस लावलेल्या आट्यावर तोच जोर बोल्टाला ताणून तोडतो. म्हणून कंपनीच्या पुस्तकात जो आकडा असेल तो पाळा. पुस्तकच नसेल तर आठ एमएमच्या ८.८ बोल्टाला पंचवीस न्यूटन-मीटरच्या आत आणि दहा एमएमच्या बोल्टाला चाळीस ते पंचेचाळीस हे कोरड्या, स्वच्छ आट्यांसाठी धरून चला. आट्यांना तांब्याची ग्रीस लावली, आणि ती लावावीच, तर हा आकडा साधारण पाव हिश्शाने कमी करा.

हा आकडा मोजायला घरातला स्प्रिंगचा काटा पुरतो. पाना नटावर लावा. नटाच्या मध्यापासून पान्यावर वीस सेंटिमीटरवर खडूने खूण करा, तिथे काट्याचा आकडा अडकवा आणि पान्याला काटकोनात ओढा. पंचवीस न्यूटन-मीटर हवे असतील तर काटा साडेबारा किलोच्या थोडा पुढे गेला की थांबा. पंचेचाळीससाठी पंचवीस सेंटिमीटरवर साधारण अठरा किलो. ज्या काट्यावर आपण वेचणीचा कापूस तोलतो, तोच. एकदा असं करून बघा. माझ्याकडच्या शिकाऊ पोराने पहिल्यांदा ओढलं तेव्हा तो नुसत्या हाताने रोज जवळजवळ दुप्पट जोर लावत होता, हे त्याला आणि मला त्याच दिवशी कळलं.

मग इंजिन सुरू करा, अर्धा तास लोडवर चालवा, पूर्ण थंड होऊ द्या, आणि सगळे नट त्याच क्रमाने पुन्हा कसा. हीच पायरी लोक सोडून देतात. पॅकिंग याच पहिल्या तापात चेपलेलं असतं. पुढे दहा तास चालल्यावर आणखी एकदा. सायलेन्सरचं वजन नुसत्या नळीवर लटकत असेल तर त्याला खालून आधाराची पट्टी द्या, नाहीतर चांगले स्टडही थरथरीने जातील. आणि डिझेलचा प्लास्टिक पाइप धुराच्या नळीजवळून जात असेल तर आजच दुसऱ्या बाजूने फिरवा. त्या अकरा माणसांच्या बोटीत एवढंच केलेलं असतं तरी इंजिन बंद पडलं नसतं.

रबरी बोटीवरच्या पेट्रोल इंजिनाची, ज्याला सरकारी कागदात ओबीएम म्हणतात त्याची, बांधणी वेगळी आहे. त्याला बाहेर दिसणारी नळी नसते. धूर आतल्या वाटेने पायातून खाली पाण्यात जातो, आणि त्या वाटेवरचं झाकण बारीक बोल्टांनी ॲल्युमिनियमच्या ब्लॉकला बसवलेलं असतं. झाकणाच्या पलीकडे थंड पाणी फिरतं. हे बोल्ट उगाच उघडू नका, दहाच्या पान्याला थोडा जोर जास्त झाला की ते मुरगळतात आणि ॲल्युमिनियमचे आटे सोबत घेऊन येतात. आधी झाकणाच्या कडेला पांढरे किंवा ओले ओघळ आहेत का ते बघा. मग इंजिनाचा पाय पाण्याच्या ड्रममध्ये बुडवून पंधरा मिनिटं चालवा. कोरडं एक मिनिटही चालवू नका, पाणी ओढणारं रबरी चाक जळतं. मागच्या बारीक भोकातून पाण्याची धार जोरात यायला हवी. मागच्या पुराचा गाळ आत बसलेला असेल तर धार मंद येते, इंजिन तापतं, आणि झाकणाचं पॅकिंग जळतं. ओघळ दिसले किंवा धार मंद असली तर कंपनीच्या माहितगार मेकॅनिकलाच बोलवा. त्यासाठी अजून वेळ आहे. जुलैत नसेल.

आणि धुराबद्दल एक गोष्ट, आयाबहिणींनी ही जरूर वाचावी. पावसात बोटीवर ताडपत्री ओढतात, लेकरांना तिच्याखाली इंजिनाजवळ ऊबेला बसवतात. नळी गळत असेल तर धूर त्या ताडपत्रीखालीच साचतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तात प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरून बसतो. डोकं दुखतं, गरगरतं, उलटी होते, आणि लोक म्हणतात बोट लागली. असं कुणाला झालं तर आधी ताडपत्री काढा, मोकळ्या हवेत आणा. पेट्रोल इंजिनात हा वायू डिझेलपेक्षा कितीतरी जास्त असतो. विहिरीत इंजिन उतरवून पाणी उपसणाऱ्या शेतकऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे. इंजिन वर ठेवा, पाइप खाली सोडा. आपल्या मराठवाड्यात विहिरीत गुदमरून गेलेल्यांना काढायला उतरलेले सख्खे भाऊही गेले आहेत.

तलाठी आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांना विनंती आहे की बोटीच्या नोंदवहीत "सुस्थितीत" एवढंच लिहू नका. नट कोणत्या तारखेला कसले, कुणी कसले, किती वेळ लोडवर चालवलं आणि थंड झाल्यावर पुन्हा कसले का, हे लिहा. बोटीत एक घट्ट झाकणाचा डबा बांधून ठेवा. त्यात त्याच मापाचे चार स्टड, आठ नट, एक पॅकिंग, लागतील ते दोन पाने आणि डिझेल पाइपाचा हातभर तुकडा असू द्या. पुरात हार्डवेअरचं दुकान उघडं नसतं. सरपंचांनी बोट चालवणाऱ्या पोराला मेकॅनिकजवळ उभं करावं, त्याच्याच हाताने कसून घ्यावं, म्हणजे पाण्यात त्याला कुठला नट कुठे आहे हे अंधारातही कळेल. आयटीआयला डिझेल मेकॅनिक शिकणाऱ्या पोरांनो, तुमच्या गावातलं एक इंजिन तुम्ही घ्या. तुमच्याकडे टॉर्क पाना आहे, जो आम्हा जुन्यांकडे नाही.

माझ्या धंद्यातल्या भावांना वेगळं सांगतो. एखाद्या बोटीत तुटका स्टड दिसला आणि माप तुमच्या पेटीत नसलं, तर माझ्यासारखं पुढच्या आठवड्यावर टाकू नका. त्याच दिवशी गाडी वळवा, स्टड आणा, बसवा. पैसे कुणी दिले नाहीत तरी बसवा.

पूर आला आणि बोटीचं इंजिन वाटेत बंद पडलं तर १०७७ या जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाच्या क्रमांकावर किंवा ११२ वर लगेच कळवा. हे दोन्ही आकडे बोटीवर आतून रंगवून ठेवा.

येत्या तिन्ही रविवारी सकाळी सात ते अकरा मी गंगाखेडला गोदावरीच्या घाटावर माझी पेटी, टॅपचा संच, पितळी नट आणि स्प्रिंगचा काटा घेऊन बसणार आहे. ज्यांची बोट जवळ आहे त्यांनी ती आणावी, ज्यांची लांब आहे त्यांनी नळी, जुने बोल्ट आणि इंजिनाचं पुस्तक आणावं. मजुरी घेणार नाही. आदल्या रात्री नटांना तेल मारून ठेवा, आणि सकाळी इंजिन चालवत आणू नका, थंडच आणा.